दोन मॉनिटर, तीन डेस्कटॉप आणि हरवलेली विंडो

हा आपल्या ताज्या भागाचा लिखित उतारा. रेकॉर्डिंगमध्ये मी तीन-चार वेळा "नाही नाही, शिफ्ट, शिफ्ट" असं म्हणतेय, ते इथून काढून टाकलंय. शॉर्टकट मात्र नीट लिहून दिलेत, कारण ऐकता ऐकता ते टिपून घेणं जमत नाही अशी बऱ्याच जणांची तक्रार होती. बाकी बोलणं जवळपास जसंच्या तसं आहे.

विषय एका श्रोत्या ताईंनी दिला. इचलकरंजीच्या आहेत, टॅक्स प्रॅक्टिशनर आहेत, घरातल्या एका खोलीत ऑफिस आहे. चाळीसेक ग्राहकांची जीएसटी रिटर्न्स त्या एकट्या भरतात. त्यांनी व्हॉइस मेसेज पाठवला तो असा: "मॅडम, मागच्या दिवाळीत दुसरा मॉनिटर घेतला. एकावर एक्सेल, एकावर पोर्टल. पहिले दोन महिने राजेशाही वाटलं. आता दोन्हीकडे पंचवीस-पंचवीस विंडो उघड्या असतात आणि मी आधीच्या दुप्पट शोधते. या महिन्यात दोन सख्ख्या भावांच्या फर्म होत्या, नावात एका अक्षराचा फरक. एकाच्या शीटमधला आयटीसीचा आकडा दुसऱ्याच्या ३बीत गेला. फाइल केल्यावर कळलं."

ज्यांचा जीएसटीशी संबंध येत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. महिन्याच्या महिन्याला भरायचं जीएसटीआर-३बी हे रिटर्न पुढच्या महिन्याच्या २० तारखेपर्यंत द्यायचं असतं, आणि एकदा फाइल झालं की ते रिव्हाइज करता येत नाही. चूक झाली तर पुढच्या महिन्याच्या रिटर्नमध्ये निस्तरायची, आणि जास्तीची क्रेडिट वापरली गेली असेल तर व्याजाचा प्रश्न येतो. म्हणजे इथे "अरेच्चा, चुकून दुसऱ्याच विंडोत टाइप झालं" हे वाक्य हसण्यावारी नेण्यासारखं राहत नाही. त्यांच्या भाषेत सांगायचं तर, "ग्राहक ओरडला नाही, गप्प बसला. ते जास्त लागलं."

तर प्रश्न असा: दोन मॉनिटर असूनही पसारा का होतो, आणि व्हर्च्युअल डेस्कटॉप नावाचा जो प्रकार विंडोजमध्ये, मॅकमध्ये, लिनक्समध्ये फुकट बसलेला आहे, तो इथे कामाला येतो का?

माझं म्हणणं एका वाक्यात आधीच सांगून टाकते. मॉनिटर हा ओटा आहे आणि व्हर्च्युअल डेस्कटॉप ही खोली आहे. ओटा लांब असला की एकाच स्वयंपाकाची भांडी शेजारी शेजारी मांडता येतात: इकडे कणीक, तिकडे तवा. पण त्याच लांब ओट्यावर एका टोकाला पोळ्या आणि दुसऱ्या टोकाला मुलाचा चित्रकलेचा गृहपाठ मांडला, तर ओटा कितीही वाढवा, पिठात रंग जाणारच. दोन वेगळ्या कामांना दोन खोल्या लागतात. आपण काय करतो, पसारा झाला की अजून एक ओटा विकत घेतो.

ही खोलीची कल्पना माझी नाही बरं का. १९८६ साली झेरॉक्सच्या पार्क या संशोधन केंद्रात ऑस्टिन हेंडरसन आणि स्टुअर्ट कार्ड या दोघांनी एक प्रणाली मांडली, तिचं नावच 'रूम्स'. त्यांची अडचण आपल्यासारखीच होती: स्क्रीन लहान, विंडो जास्त, एकीवर एक चढलेल्या. त्यांनी तुलना केली ती कॉम्प्युटरच्या मेमरीशी. प्रोग्रामला कुठल्याही क्षणी सगळी माहिती लागत नाही, एक छोटा संच लागतो, त्याला 'वर्किंग सेट' म्हणतात. तो संच मेमरीत मावला नाही की कॉम्प्युटर नुसता आत-बाहेर करत बसतो, काम पुढे सरकत नाही. हेंडरसन आणि कार्ड म्हणाले की माणसाचं विंडोंच्या बाबतीत असंच होतं. एका कामाला चार-पाच विंडो लागतात. त्या एकदम समोर नसल्या की माणूस विंडो पुढे-मागे करण्यातच दमतो. म्हणून प्रत्येक कामाच्या संचाला एक खोली द्या, आणि एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जायला दारं द्या.

मला त्यांच्यातली एक गोष्ट फार आवडते. त्यांनी 'खिसा' ठेवला होता. खिशात टाकलेली वस्तू तुम्ही कुठल्याही खोलीत गेलात तरी तुमच्याबरोबर असते. घड्याळ, कॅल्क्युलेटर अशा गोष्टी. आजच्या विंडोजमध्ये तो खिसा आहे, फक्त त्याचं नाव लांबलचक आहे. सांगते पुढे.

(इतिहास आवडणाऱ्यांसाठी कंसात. एकाच कॉम्प्युटरला दोन-तीन मॉनिटर जोडून त्यांचा एक सलग पृष्ठभाग करायचा हे मॅकिंटॉश टू वर १९८७ मध्ये होत होतं. विंडोजमध्ये ते आत बसून आलं विंडोज ९८ पासून. व्हर्च्युअल डेस्कटॉपचं उलट. युनिक्सवाले नव्वदच्या दशकात ते आरामात वापरत होते, मॅकवर 'स्पेसेस' नावाने २००७ च्या लेपर्डमध्ये आले, आणि विंडोजमध्ये बाहेरचं काही न बसवता मिळायला विंडोज १० म्हणजे २०१५ उजाडलं. त्यामुळे आपल्याकडच्या बहुतेकांना मॉनिटर जोडणं माहीत आहे, खोल्या माहीत नाहीत.)

आता हात चालवू. आधी विंडोज, कारण ताईंकडे विंडोज ११ आहे.

विंडोज + टॅब दाबा. सगळ्या उघड्या विंडो छोट्या होऊन दिसतात आणि एका पट्टीत 'डेस्कटॉप १' आणि 'न्यू डेस्कटॉप' दिसतं. नवीन खोली थेट उघडायची तर विंडोज + कंट्रोल + डी. या खोलीतून त्या खोलीत जायला विंडोज + कंट्रोल + डावा किंवा उजवा बाण. खोली बंद करायला विंडोज + कंट्रोल + एफ४. घाबरू नका, खोली बंद केली तरी तिच्यातल्या विंडो मरत नाहीत, शेजारच्या खोलीत येतात.

खोलीला नाव द्या. विंडोज + टॅब मध्ये तिच्या नावावर क्लिक केलं की बदलता येतं. विंडोज ११ मध्ये प्रत्येक डेस्कटॉपला वेगळा वॉलपेपरही देता येतो. हे ऐकायला पोरकट वाटतं, पण मी तर म्हणेन या भागातली सगळ्यात उपयोगी गोष्ट हीच. डोळ्याला रंग आधी कळतो, अक्षर नंतर. कामाची खोली गडद निळी, फोन-मेलची खोली पिवळी. कडेला जरी रंग दिसला तरी आपण कुठे आहोत ते समजतं. देवादिकांचे, मुलांचे फोटो लावायचेत तर घरच्या खोलीत लावा. कामाच्या खोलीत सपाट रंग.

आणि तो खिसा: विंडोज + टॅब मध्ये एखाद्या विंडोवर उजवं क्लिक केलं की 'शो धिस विंडो ऑन ऑल डेस्कटॉप्स' असा पर्याय येतो. कॅल्क्युलेटर, किंवा ज्यात आपण दिवसभर टिपणं काढतो ती नोटपॅड, ती खिशात टाका. व्हॉट्सॲप खिशात टाकू नका. व्हॉट्सॲपला खोली द्यायची हाच तर सगळा मुद्दा आहे.

एक उणीव आहे ती सांगून ठेवते. एक विंडो उचलून दुसऱ्या डेस्कटॉपवर टाकायला विंडोजमध्ये तयार शॉर्टकट नाही. विंडोज + टॅब करायचं आणि माउसने ओढायचं, किंवा उजवं क्लिक करून 'मूव्ह टू'. लिनक्समधल्या नोममध्ये हे सुपर + शिफ्ट + पेज अप किंवा पेज डाउनने एका झटक्यात होतं.

मॉनिटरची गोष्ट वेगळी. विंडो या मॉनिटरवरून त्या मॉनिटरवर पाठवायला विंडोज + शिफ्ट + बाण. हा एक शॉर्टकट पाठ करा, बाकी विसरलात तरी चालेल. नुसतं विंडोज + बाण केलं तर विंडो स्क्रीनच्या अर्ध्या भागात बसते. विंडोज ११ मध्ये विंडोज + झेड दाबलं की दोन भाग, तीन भाग, चार भाग अशा मांडण्या दिसतात, त्यातली निवडायची. ज्यांच्याकडे एकच मोठा रुंद मॉनिटर आहे त्यांना याहून बारीक कप्पे हवे असतील तर मायक्रोसॉफ्टचंच 'पॉवरटॉइज' फुकट मिळतं, त्यातलं 'फॅन्सीझोन्स' बघा.

ताईंसाठी मांडणी

चाळीस ग्राहक आहेत म्हणून चाळीस डेस्कटॉप, हा मोह टाळायचा. तीन-चारच्या पुढे गेलं की कुठली खोली कुठे हेच लक्षात राहत नाही आणि आपण खोल्या शोधायला लागतो. मी त्यांना तीन सुचवल्या. पहिली: 'हातातला ग्राहक'. त्यात फक्त एक ग्राहक. त्याचं काम संपलं की त्याची शीट, त्याचं पोर्टल बंद, मगच दुसरा. दुसरी: 'फोन-मेल-व्हॉट्सॲप'. तिसरी: घरचं, बँक, लाइट बिल, यूट्यूब.

पहिल्या खोलीत दोन्ही मॉनिटरची कामं पक्की. डावीकडे शीट, उजवीकडे पोर्टल. आकडा नेहमी डावीकडून उजवीकडे जातो, उलटा कधीच नाही. हे ठरवून टाकलं की दोन मॉनिटरचा खरा फायदा मिळतो: डोळा एका जागेहून उचलायचा, दुसऱ्या जागी ठेवायचा, मध्ये काही उघडझाक नाही.

आता मधेच फोन वाजला, दुसऱ्या ग्राहकाने विचारलं, "माझं चलन बघता का?" तर? ताई काय करायच्या, त्याच खोलीत दुसऱ्या ग्राहकाची शीट उघडायच्या. त्या दिवशी तेच झालं होतं. धाकटा भाऊ फोनवर होता, थोरल्याचं काम समोर होतं. यावर उपाय: फोनवरच्या माणसाचं काम दुसऱ्या खोलीत उघडायचं, तिथेच बंद करायचं. विंडोजमध्ये डेस्कटॉप बदलला की दोन्ही मॉनिटर एकदम बदलतात, त्यामुळे थोरल्या भावाचं काहीही कुठल्याच स्क्रीनवर उरत नाही. परत आलात की सगळं जिथल्या तिथे.

इथेच मॅकवाल्यांनी कान द्यायचे. मॅकमध्ये २०१३ च्या मॅव्हेरिक्सपासून प्रत्येक मॉनिटरच्या खोल्या स्वतंत्र असतात. डावा मॉनिटर एका खोलीत राहू शकतो आणि उजवा दुसऱ्या खोलीत जाऊ शकतो. मी या पॉडकास्टचं एडिटिंग मॅकवर करते आणि मला हे फार सोयीचं पडतं. समोरच्या मॉनिटरवर आवाजाच्या लाटा तशाच राहतात, बाजूच्यावर मी स्क्रिप्ट, मेल, ब्राउझर असं फिरत राहते. पण हीच सोय ताईंच्या कामात धोका झाली असती. डावीकडे थोरल्याची शीट तशीच, उजवीकडे धाकट्याचं पोर्टल. नेमका तोच अपघात, सिस्टीमने स्वतः मांडून दिलेला!

ज्यांना दोन्ही मॉनिटर एकत्र बदलायला हवेत त्यांनी मॅकच्या सेटिंग्जमध्ये 'डेस्कटॉप अँड डॉक' मध्ये जाऊन 'डिस्प्लेज हॅव सेपरेट स्पेसेस' बंद करायचं. लॉगआउट करून परत यावं लागतं. याची किंमत अशी की कुठलंही ॲप फुल स्क्रीन केलं की दुसरा मॉनिटर काळा होऊन बसतो. फुल स्क्रीन वापरत नसाल तर काही बिघडत नाही. आणि त्याच पानावर 'ऑटोमॅटिकली रिअरेंज स्पेसेस बेस्ड ऑन मोस्ट रिसेंट यूज' असं आहे, ते आधी बंद करा. ते चालू असलं की मॅक आपल्या खोल्यांचा क्रम आपल्याला न विचारता बदलतो. रोज सकाळी उठल्यावर न्हाणीघर वेगळ्याच जागी, असला प्रकार. हे मुळात चालू का ठेवतात मला कळलेलं नाही.

नोममध्ये तिसराच न्याय आहे: मूळ सेटिंगमध्ये फक्त मुख्य मॉनिटरच्या खोल्या बदलतात, दुसरा जागचा हलत नाही. आयथ्री आणि स्वे वापरणाऱ्यांना मी काही शिकवायला नको, ते मलाच पत्र लिहितील.

खोलीला भिंत नाही

आता एक गोष्ट जी बहुतेक ठिकाणी सांगितली जात नाही. व्हर्च्युअल डेस्कटॉप लपवतो, वेगळं करत नाही. पडदा आहे, भिंत नाही.

सगळ्यात मोठं भोक म्हणजे क्लिपबोर्ड. एका खोलीत कॉपी केलेला आकडा दुसऱ्या खोलीत पेस्ट होतो. ताईंचा आकडा असाच गेला असण्याची शक्यता मला जास्त वाटते: शीटमधून थोरल्याचा आकडा कॉपी केला, फोन आला, धाकट्याचं पोर्टल उघडलं, पेस्ट. खोल्या असत्या तरी क्लिपबोर्डने तो आकडा दारातून आत नेलाच असता. म्हणून खोली बदलताना हाताला एक सवय लावा: अर्धवट कॉपी केलेलं आधी जिथे टाकायचं तिथे टाका, मग उठा. विंडोज + व्ही ने क्लिपबोर्डचा इतिहास दिसतो, तो चालू केलेला असेल तर तिथून पुसूनही टाकता येतो.

दुसरं भोक ब्राउझर. एकाच ब्राउझरच्या दोन विंडो दोन खोल्यांत ठेवल्या तरी लॉगिन दोघींचं एकच असतं, कारण कुकीज एकाच डब्यात. एका ठिकाणी दुसऱ्या नावाने लॉगिन केलं की पहिलीकडचं सत्र गडबडतं. यासाठी क्रोम, एज, फायरफॉक्स सगळ्यांत वेगळी 'प्रोफाइल' करता येतात. फोनवरच्या कामासाठी वेगळं प्रोफाइल, क्रोम आणि एजमध्ये त्याला वेगळा रंगही द्या. मेलमधल्या लिंकवर क्लिक केलं आणि ती भलत्याच खोलीतल्या ब्राउझरमध्ये उघडली, असंही होतं. तेव्हा वैतागू नका, लिंक कॉपी करून हव्या त्या विंडोत टाका.

तिसरं, स्क्रीन शेअर. ऑनलाइन मीटिंगमध्ये अख्खा मॉनिटर शेअर केला असेल आणि तुम्ही मध्येच खोली बदललीत, तर समोरच्यांनाही ती नवी खोली दिसते. पगाराची शीट तिसऱ्या डेस्कटॉपवर आहे म्हणून सुरक्षित, असं नाही. शेअर करायची ती एकच विंडो शेअर करा.

आणि ताईंच्या कामापुरता शेवटचा अडसर, जो सॉफ्टवेअरच्या बाहेरचा आहे. जीएसटीआयएन १५ अक्षरांचा असतो: पहिले दोन आकडे राज्याचे, महाराष्ट्राचे २७, पुढची दहा अक्षरं पॅन. नावं सारखी असू शकतात, दोन माणसांचं पॅन सारखं नसतं. शीटच्या पहिल्या ओळीत जीएसटीआयएन मोठ्या अक्षरात लिहा, ती ओळ फ्रीज करा, आणि पोर्टलवरच्या फॉर्मच्या वरच्या नंबरशी मधली पाच अक्षरं मोठ्याने वाचून ताडून घ्या. डावा मॉनिटर, उजवा मॉनिटर, एक नजर. त्याला चार सेकंद लागतात.

विंडो गेली कुठे?

दुसरा मोठा त्रास, ज्यावर सगळ्यात जास्त मेसेज आले: मॉनिटर काढला की विंडो हरवते. टास्कबारवर दिसतेय, क्लिक केलं तरी समोर येत नाही.

याचं कारण समजलं की राग जातो. कॉम्प्युटरच्या दृष्टीने तुमचे सगळे मॉनिटर मिळून एक मोठा आलेख कागद आहे. मुख्य मॉनिटरचा डावा वरचा कोपरा म्हणजे शून्य, शून्य. १९२० ठिपके रुंदीच्या मॉनिटरच्या उजवीकडे दुसरा मॉनिटर असेल तर तो १९२० पासून पुढे सुरू होतो. डावीकडे असेल तर तिथले आकडे उणे. बरीच सॉफ्टवेअर बंद होताना लिहून ठेवतात की "मी २३०० वर उघडं होतं". दुसऱ्या दिवशी तुम्ही लॅपटॉप घेऊन ग्राहकाकडे गेलात, दुसरा मॉनिटर घरी. सॉफ्टवेअर इमानेइतबारे २३०० वर उघडतं. तिथे आता कागदच नाही. शहाणी सॉफ्टवेअर आधी तपासतात, जुनी तपासत नाहीत.

परत आणायची रीत: आल्ट + टॅबने ती विंडो निवडा. आल्ट + स्पेस दाबा, मग एम, मग कुठलाही एक बाण, आणि मग नुसता माउस हलवा. विंडो माउसला चिकटून येते. क्लिक केलं की तिथे बसते. विंडो मॅक्सिमाइझ झालेली असेल तर आधी आल्ट + स्पेस, आर. काही नव्या ॲप्सना आल्ट + स्पेस कळत नाही, तिथे विंडोज + डावा बाण करून बघा.

याचाच भाऊ म्हणजे: मॉनिटर बटणाने बंद केला, चहा पिऊन आलो, तर सगळ्या विंडो दुसऱ्या स्क्रीनवर ढिगाऱ्यात. हे डिस्प्लेपोर्टच्या केबलवर जास्त होतं. बरेचसे मॉनिटर बंद होताना "मी इथे आहे" हा इशाराही बंद करतात, त्यामुळे कॉम्प्युटरला वाटतं वायरच उपटली. विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, सिस्टीम, डिस्प्ले, मल्टिपल डिस्प्लेज असं गेलात की 'रिमेंबर विंडो लोकेशन्स बेस्ड ऑन मॉनिटर कनेक्शन' सापडेल. ते चालू ठेवा. मॉनिटर परत आला की विंडो आपापल्या जागी जातात. तरीही होत असेल तर मॉनिटर बटणाने बंद करू नका, स्क्रीन आपोआप झोपू द्या, निदान करून बघा.

त्याच पानावर वरती मॉनिटरची चित्रं असतात, १ आणि २. ती ओढून खरोखर टेबलावर जशी आहेत तशी लावा. उंचीसकट. पुष्कळ जणांचा माउस एका कोपऱ्यात अडकतो तो यामुळेच: चित्रात एक मॉनिटर वर सरकलेला असतो, टेबलावर नसतो.

आणि अक्षरं लहान-मोठी होतात त्याचं काय? साधं गणित आहे. १४ इंची लॅपटॉप आणि २४ इंची मॉनिटर, दोन्ही १९२० बाय १०८०. लॅपटॉपवर इंचाला साधारण १५७ ठिपके पडतात, मॉनिटरवर ९२. तेवढेच ठिपके वापरलेलं अक्षर मॉनिटरवर पावणेदोन पट मोठं दिसणार. म्हणून लॅपटॉपला स्केल १५० टक्के, मॉनिटरला १०० टक्के ठेवलं की जवळपास सारखं दिसतं. विंडोज ८.१ पासून प्रत्येक मॉनिटरला वेगळं स्केल चालतं, पण जुन्या सॉफ्टवेअरला ते माहीतच नसतं. त्याचं चित्र ताणून दाखवलं जातं, म्हणून ते धुरकट दिसतं. चष्म्याचा नंबर तपासायला जाण्याआधी ती विंडो मुख्य मॉनिटरवर नेऊन बघा.

अजून मॉनिटर घेतलाच नसेल त्यांच्यासाठी दोन शब्द. आधी पंधरा दिवस फुकटच्या खोल्या वापरून बघा. त्यानंतरही एकाच कामात दोन गोष्टी सतत शेजारी लागत असतील तर घ्या. घेताना पोर्ट बघा: प्रत्येक यूएसबी-सी पोर्टमधून चित्र जातंच असं नाही, लॅपटॉपच्या माहितीपत्रकात तपासा. एम१ आणि एम२ चिपच्या मॅकबुक एअरला बाहेरचा एकच मॉनिटर जोडता येतो. दोन एचडीएमआय असलेलं अडॅप्टर दुकानदार आग्रहाने देईल, मॅकवर त्या दोन्ही मॉनिटरवर बहुधा एकच चित्र दिसेल. आणि मान: दोन्ही मॉनिटर सारखेच वापरत असाल तर जोड समोर, एक जास्त वापरत असाल तर तो नाकासमोर आणि दुसरा बाजूला.

ताईंनी मेसेजच्या शेवटी विचारलं होतं की हे सगळं रोज सकाळी परत मांडावं लागतं का. विंडोज ११ मध्ये कॉम्प्युटर बंद-चालू केल्यावर खोल्या आणि त्यांची नावं राहतात, विंडो राहत नाहीत. त्या परत उघडून जागेवर ठेवाव्या लागतात. रोज शटडाउन करण्याऐवजी नुसतं स्लीप केलं तर मांडणी टिकते, आणि आठवड्यातून एकदा रीस्टार्ट करायचं. २० तारखेच्या आदल्या रात्री रीस्टार्ट करू नका, अपडेटने अडवलं तर पंचाईत. पुढच्या भागात त्या अपडेटबद्दलच बोलू. प्रश्न असतील तर व्हॉइस मेसेज पाठवा.